उणेचारांचे चाळीस प्लग

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. बाकी सगळ्या आवारात ते उणेचार होते. मुलं पाठीमागे नुसतं ‘उणेचार’ म्हणत, तोंडावर ‘काका’, आणि घाबरलेली मुलं दोन्ही एकत्र करून ‘उणेचारकाका’ म्हणून जात. त्यांनी कधी कुणाला सुधारलं नाही. टोपणनाव अचूक असलं की त्याला हरकत घ्यायची नाही, असं त्यांचं मत होतं.

भौतिकशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक होते. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर लाकडी पेटीतला एक जाडजूड वॉटमीटर होता. पेटीवर कुणीतरी पांढऱ्या रंगात ‘मानक’ असं लिहून ठेवलेलं. प्रयोगशाळेतली बाकीची यंत्रं त्याच्याशी जुळवायची, अशी रीत. हे मानक यंत्र शंभराला चार जास्त दाखवायचं.

हे उणेचारांनीच शोधून काढलं होतं. तरुणपणी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, विभाग रिकामा असताना तीन दिवस ते पाणी तापवत बसले. किती वीज गेली हे मीटरला विचारलं, किती उष्णता आली हे पाण्याला विचारलं, भांड्याबाहेर निसटलेली उष्णताही हिशेबात धरली, आणि दोघांच्या जबानीत चाराचा फरक निघाला. पाणी खोटं बोलत नाही, म्हणून ते तेव्हाच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी छताकडे बघून विचार केला.

“मग तुम्ही काय करता?”

“मुलांना सांगतो, आकड्यातून शंभराला चार उणे करा.”

“आणि मुलं करतात?”

“मी उभा असतो तिथे. करतात.”

“झालं तर मग. मीटर बरोबरच आहे की.”

त्या दिवसापासून उणेचार त्या यंत्राचा एक भाग झाले. फरक एवढाच, की यंत्रावरची धूळ वर्षातून एकदा तरी कुणीतरी झटकत असे.

त्यांची दुसरी ख्याती वह्यांबद्दल होती. प्रयोगाची वही शाईनेच लिहायची. चुकीचा आकडा खोडायचा तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आणि आद्याक्षरं. कोष्टकाच्या तळाशी यंत्र कोणतं, तारीख, खोलीचं तापमान आणि निरीक्षण घेणाऱ्याचं पूर्ण नाव. पान फाडणाऱ्याकडे ते अशा नजरेने बघत, की त्या मुलाला घरी जाऊन आईला सगळं सांगून टाकावंसं वाटे. “चूक केलीस त्याचं काही नाही,” ते म्हणत, “लपवलीस तर तू इथला नाहीस.”

या नजरेखालून गेलेल्यांपैकी एक जण पुढे विभागप्रमुख झाला. त्याचं असं झालं. हा मुलगा संशोधन करत असताना उणेचारांना विषमज्वर झाला आणि ते दोन महिने घरी पडले. नेमक्या त्याच दोन महिन्यांत त्याने आपल्या प्रबंधाची सगळी निरीक्षणं घेतली. इमारतीतली यंत्रं बंद ठेवलेली असतानाही किती वीज पीत राहतात, असा विषय. मीटरने नेहमीप्रमाणे चार जास्त सांगितले आणि उणे करणारा माणूस तापात होता. उणेचार कामावर परतले, वही चाळली आणि धावत त्याला गाठला.

“अरे, चार उणे केले नाहीस.”

“काका,” तो म्हणाला, “प्रबंध बांधणीला गेला.”

पुठ्ठ्याची बांधणी झाली की आतलं सगळं खरं होतं, ही विद्यापीठीय समजूत तेव्हाही होती. आलेखाचा आकार बिघडला नव्हता, सगळंच सारख्या प्रमाणात फुगलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या प्रबंधावर पुढे निबंध झाले, निबंधांवर पद, पदावर गालिचा घातलेली खोली. आता त्याला सगळे सर म्हणत. सर उणेचारांना एरवी ‘अहो’ म्हणत आणि काम असलं की ‘काका’.

उणेचारांच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना ते पुन्हा काका झाले.

सरांनी दोन वर्षांपूर्वी चाळीस स्मार्ट प्लग आणवले होते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग लावायचा, प्लगमध्ये यंत्र लावायचं, की ते यंत्र किती वीज घेतं याचा आकडा वायफायवरून कंपनीकडे जायचा आणि कंपनीकडून फोनवर यायचा. स्वतःच्या टेबलावरच्या दिव्याची बातमी परदेशाहून कळण्याची ही सोय सरांना फार आवडली होती; संशोधनासाठी त्यांचे आकडे घ्यायचे मात्र राहूनच गेले होते. मग एके सकाळी फोनवर मजकूर आला, की ही सेवा बंद करण्यात आली आहे, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. कंपनी बुडाली होती. चाळीस प्लग वीज मोजत होते आणि सांगायला कुणी नव्हतं.

“काका, लोक म्हणे यातलं फर्मवेअर, म्हणजे प्लगच्या आतला प्रोग्राम, काढून दुसरं घालतात. ओपन सोर्स. फुकट असतं, आतली ओळन्‌ओळ वाचता येते.”

“वाचलंय मी त्याबद्दल.”

“जमेल?”

“उघडून बघावं लागेल.”

“उघडा की. काकांना मी नाही म्हणणार आहे का?” मग सर जरा पुढे झुकले. “हे झालं तर दोन वर्षांच्या मुदतवाढीची शिफारस मी स्वतः लिहितो. क्वार्टरसकट.”

क्वार्टर हा शब्द सरांनी सहज उच्चारला, पण तो कुठे लागतो हे त्यांना ठाऊक होतं. आवाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं ते घर. पुढच्या खोलीत उणेचारांच्या बायकोचं शिवणकाम. फ्रॉक, पडदे, पँटची लांबी, उसवलेली चेन. एकोणीस वर्षांत तिने जमवलेलं सगळं गिऱ्हाईक याच आवारातलं होतं. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात घर सोडायचं असा नियम होता.

“माझं गिऱ्हाईक काय तुमच्या शालीबरोबर बांधून देणार आहेत?” ती सुई ओवता ओवता म्हणायची. “ट्रायल द्यायला कोण दोन बस बदलून येतं? बाई गल्लीच्या टोकापर्यंत येत नाही, अंगाला होत नाही हे मान्य करायला.”

“बघतो म्हणालोय.”

“तुम्ही एकतीस वर्षं बघताय. यंत्रातच बघताय. जरा माणसाकडे बघून बोला.”

तर उणेचार प्लगांकडे वळले. प्लगचं कवच डिंकाने चिकटवलेलं होतं. ते टेबलाला बसवलेल्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात धरून हलकेच आवळलं की सांध्यावर टक् असा आवाज येई आणि पेटी उघडे. आत नखाएवढी पाटी, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे तांब्याचे ठिपके. त्यातल्या चार ठिपक्यांना केसासारख्या तारा डाग देऊन जोडायच्या, पाचवा ठिपका चालू होतानाच्या क्षणी दाबून धरायचा, आणि संगणकातून नवं फर्मवेअर आत लोटायचं. हे करताना प्लग भिंतीत लावायचा नाही, कारण आतली धाकटी वीज आणि भिंतीतली थोरली वीज या प्लगात एकाच माजघरात राहतात. पहिला प्लग त्यांच्या हातून मेला. दुसऱ्याने अर्ध्यावर मौन धरलं. तिसऱ्याने संगणकाच्या पडद्यावर आपलं नाव, आपला पत्ता आणि भिंतीतला दाब सांगितला, आणि अठ्ठावन्न वर्षांचे उणेचार खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आले.

अडचण मोजमापाची होती. जुनं फर्मवेअर पुसलं की कारखान्यात केलेली जुळवणीही पुसली जाते. प्लग वीज मोजतो, पण अंदाजपंचे. म्हणून प्रत्येक प्लगवर हीटरची कॉइल लावायची, शेजारी मानक मीटर ठेवायचा, आणि खरा आकडा प्लगला शिकवायचा. उणेचारांनी अर्थातच मीटरच्या आकड्यातून शंभराला चार उणे केले आणि उरलेला आकडा शिकवला.

त्यातही एक गंमत निघाली. सहा-सात वेळा लागोपाठ वीज गेली-आली, तर मालक संकटात आहे असं समजून हे फर्मवेअर आपल्या सगळ्या सेटिंग विसरतं. विभागातली वीज तर दिवसातून दोनदा पापण्या फडफडवल्यासारखी करे. सोळा प्लग शिकवून झाले आणि एका दुपारी सोळाही बालवाडीत परत गेले. तेव्हा उणेचारांनी फर्मवेअरचा मजकूरच उघडला. त्यात एक कोष्टक घातलं, प्रत्येक प्लगच्या क्रमांकापुढे त्याचा आकडा, आणि तो मजकूर नव्याने बांधून सगळ्या प्लगांत भरला. आता विसरायचं म्हटलं तरी प्लगांना विसरता येणार नव्हतं. मेलेल्या दोघांच्या पाट्या बदलून त्यांनाही उठवलं. चाळीसचे चाळीस.

पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून सरांनी बोलावलं.

“कमी येतंय.”

“बरोबर येतंय.”

“काका, माझ्या प्रबंधातल्या आकड्यांपेक्षा कमी येतंय. सगळीकडे. सारखंच.”

“शंभराला चार.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “लोक विचारतील, आधीचं चूक की आताचं.”

“आधीचं. तुम्हाला माहीत आहे.”

“मला काय माहीत आहे?” हे त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की उणेचारांना क्षणभर आपल्याच विषमज्वराबद्दल शंका आली. “पेटीवर काय लिहिलंय?”

“मानक.”

“मग मानकाशी जुळवा. वजाबाकी ही तुमची वैयक्तिक सवय आहे. ती विभागाची कार्यपद्धती नाही.” आणि दाराशी गेल्यावर, “मुदतवाढीचा कागद आज टायपिंगला देतोय. तारीख पाचची घालू ना? तोवर जुळवून होईल.”

लेखी द्या, असं म्हणायला हवं होतं. पण एकतीस वर्षांत उणेचारांनी लेखी असं फक्त रजा मागितली होती.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती जमिनीवर पडदा पसरून खडूने खुणा करत होती.

“किती खोटं?”

“शंभराला चार.”

“एवढंच? मी शिवणीत दोन बोटं जास्त सोडते.”

“ते वेगळं. तू उसवायला जागा ठेवतेस.”

“त्या चारानं कुणी मरणार आहे?”

“नाही.”

“कुणाचं घर जाणार आहे?”

तिने खडू ठेवला. “मी तुम्हाला खोटं करा म्हणत नाही. मला निवृत्तीनंतरचे पडदे आतापासून घ्यायचे की नाही, एवढं सांगा. लोकांचं कापड अडकवून ठेवता येत नाही.”

“घे,” उणेचार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकुरातलं कोष्टक उघडलं. चाळीस ओळी बदलायच्या. जुनी ओळ पुसून नवी लिहिणं सगळ्यात सोपं. पण हात तसा वळेना. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की संगणक ती ओळ सोडून देतो आणि माणसाला ती वाचता येते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हाच ही भाषा सज्जन आहे असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी प्रत्येक खऱ्या आकड्याला रेघा दिल्या आणि त्याखाली चार जास्तीचा आकडा लिहिला. चाळीस वेळा. तळाशी, ज्याला संगणक विचारत नाही अशा जागी, यंत्र कोणतं, तारीख, खोलीचं तापमान, निरीक्षण घेणाऱ्याचं पूर्ण नाव. कारणापुढे लिहिलं, ‘मानक मीटरशी जुळवले’. कुणाच्या सांगण्यावरून, असा रकाना त्यांच्या वहीत कधी नव्हता. तो असायला हवा हे एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सरांचा निबंध झोकात छापून आला. नवे आकडे जुन्या आकड्यांना तंतोतंत दुजोरा देत होते, याचा त्यात तीन ठिकाणी उल्लेख होता. शेवटी आभार. ज्यांना सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं अशा, फर्मवेअर लिहिणाऱ्या चौघा परदेशी माणसांची नावं होती, कारण ती वगळू नयेत अशी त्या फर्मवेअरची अट होती. अनुदान देणाऱ्यांचं नाव होतं. चर्चेबद्दल दोन सहकाऱ्यांचे आभार होते. उणेचारांनी ती यादी दोनदा वाचली आणि मासिक पुन्हा कपाटात उभं केलं.

कौतुकाच्या भरात सरांनी दहा प्लग दुसऱ्या एका संस्थेला भेट दिले. फर्मवेअरची आणखी एक अट होती. वापरा, बदला, वाटा, पण वाटलंत तर तुम्ही काय बदललं तेही उघड करून द्या. तिथल्या मोजमाप विभागाच्या बाईंनी रीतसर मजकूर मागितला. “पाठवून द्या,” सर पत्रावर नजर न टाकता म्हणाले. उणेचारांनी पाठवून दिला. जसा होता तसा.

बाईंनी दहाही प्लग त्यांच्याकडच्या चांगल्या मीटरला लावून पाहिले, चार जास्त निघाले, आणि मग त्यांनी मजकूर उघडला. पत्र सरांच्या नावे आलं. खरे आकडे तुमच्याच कोष्टकात आहेत, असं त्यात होतं. ते रद्द करून चुकीचे घातले आहेत. हे करणाऱ्याने दोन्ही आकडे, तारीख आणि स्वतःचं नाव इतकं स्वच्छ लिहून ठेवलं आहे, की अशी नोंद मी फार दिवसांत पाहिली नाही. त्यांनी असं का केलं, हे मला त्यांना विचारता येईल का?

सरांनी उणेचारांना खोलीत बोलावून पत्र वाचायला दिलं आणि, आजवर कधी नव्हे ते, खुर्ची पुढे सरकवली.

“बसा, काका.”

उणेचार बसले. पत्र त्यांनी सावकाश वाचलं. ‘अशी नोंद’ या शब्दांपाशी जरा जास्त वेळ थांबले.

“तुम्ही नाव कशाला टाकलंत?”

“निरीक्षण घेणाऱ्याचं नाव टाकतात.”

“आणि जुने आकडे ठेवलेत.”

“खोडलेले ठेवतात. तुमच्याही वहीत ठेवून घेतले होते मी.”

सर हसले. हसताना ते अजूनही विद्यार्थ्यासारखे दिसत. “हे बघा, चूक कुणाकडूनही होते. जुळवताना झाली, एवढं लिहून द्या. मासिकात दोन ओळींची दुरुस्ती छापू, प्लग नीट करू, विषय संपला.”

“चूक झाली नाही. केली.”

“तेच. ‘माझ्याकडून’ एवढं घाला.”

“बाईंनी मला विचारलंय.”

“बाईंना मी कळवतो.”

“आणि मीटर? आणि तुमचा प्रबंध?”

“त्याचा इथे काय संबंध? दुरुस्ती प्लगांची आहे.” सरांनी फोन उचलला, काही न करता पुन्हा ठेवला. “तुमचा कागद वरच्या सहीला गेलाय. परत मागवायला एक फोन लागतो. मी तो करत नाहीये, हे लक्षात घ्या. दुसरा कुणी असता तर केला असता.”

उणेचारांनी कोरा कागद मागितला आणि खिशातलं पेन काढलं. तारीख घातली. ‘प्लगची जुळवणी करताना’ असं लिहिलं, आणि पुढे हाताने आपण होऊन ‘सरांच्या सांगण्यावरून’ असं लिहून टाकलं. त्यांनी ते वाचलं. मग त्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी ‘माझ्याकडून’ लिहिलं आणि आद्याक्षरं घातली.

सरांनी कागद आपल्याकडे वळवून पाहिला.

“हे काय?”

“खोडलंय.”

“खोडलंय, पण दिसतंय.”

“दिसायलाच पाहिजे.”

“काका.” सरांनी खणातून दुसरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. “नवीन घ्या.”

पंखा फिरत होता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्टूल ओढत नेत होतं. उणेचारांनी नव्या कागदावर सुरुवातीपासून लिहायला घेतलं. अक्षर छान आलं. एकही खाडाखोड नव्हती, आणि जन्मात पहिल्यांदाच आपल्या हातच्या कागदाकडे बघून त्यांना हा कुणाचा आहे असं वाटलं. सही केली. सरांनी पहिल्या कागदाचे चार तुकडे केले आणि ते टोपलीत न टाकता खिशात घातले.

मुदतवाढ झाली. दुरुस्ती छापून आली, दोन ओळींची. जुळवणीतील त्रुटी विभागाच्या सहायकाकडून झाली होती, असं म्हणून पुढे उणेचारांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मासिकात त्यांचं नाव येण्याची ही पहिलीच वेळ. प्लग नीट करायला अर्धा दिवस लागला. चाळीस ओळींच्या पुढच्या रेघा काढायच्या, त्याखालच्या चाळीस ओळी पुसायच्या. त्या त्यांनी पुसल्या. तळाशी कुणाचंही नाव नसावं, अशी यावेळी सूचना होती. मीटरवरचं ‘मानक’ तसंच राहिलं, आणि जुन्या आकड्यांशी नवे का जुळत नाहीत यावर सरांनी आणखी एक निबंध सुरू केला.

महिन्याभराने उणेचारांच्या नावे एक पाकीट आलं. मोजमाप विभागाच्या बाईंचं. तुमचा खुलासा वाचला, त्यांनी लिहिलं होतं. खरं सांगायचं तर माझी वेगळी कल्पना झाली होती, म्हणून विचारलं. पण चूक होती हे तुम्ही स्वतःच म्हणता आहात, तेव्हा माझा प्रश्न मिटला. मोकळेपणाने कबूल केल्याबद्दल आभार.

ते पत्र त्यांनी जिन्यात उभं राहून वाचलं आणि घरी आल्यावर क्वार्टरच्या कागदांच्या फायलीत लावलं. पुढच्या खोलीत बायको एका लांबलचक पडद्याला दुमड घालत होती. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून तिने विचारलं, “कुणाचं पत्र?”

“एक बाई आहेत. त्यांचा काही प्रश्न होता. तो मिटला म्हणतात.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “ते टोक धरा जरा. ताणून. सैल सोडू नका.”

उणेचारांनी टोक धरलं.